गुंजाळांचा कॉम्प्युटर बंद का पडे

"कुलथे! ओ कुलथे! गाडी परत घाटात बसली!"

तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून मी खिडकीत गेलो. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गुंजाळ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, कपाळाला गंध आणि हातात हिरव्या पुठ्ठ्याची वही. लग्नाला निघालेल्या माणसाची गाडी पहिल्याच फाट्यावर पंक्चर व्हावी, तसा चेहरा.

"किती वाजता?" मी विचारलं.

"दहा बावीस."

"गेल्या रविवारी?"

"दहा एकोणीस. त्याच्या आधी दहा चोवीस." त्यांनी वही उघडून खात्री करून घेतली. "बंद पडण्यात इतकी वेळ पाळणारी गाडी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही."

गोष्ट दोन हजार सातची, संगमनेरची. रंगनाथ गुंजाळ एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले तेव्हा मायक्रोफोन खात्याकडे राहिला आणि आवाज घरी आला. चहा हवा असला की ते सोप्यावरून पुकारा करत, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, साखर कमी असलेला चहा थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीत लागत आहे." आतून कौसल्यावहिनी उत्तर देत, "चहा रद्द झालाय. पुढच्या चौकशीसाठी स्वतः उठून आत यावं."

मी त्यांचा शेजारी. कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणं हा माझा विज्ञानाशी आलेला संबंध. पण कॉलनी मला 'सर' म्हणे आणि मीही कधी तो गैरसमज दूर केला नाही. निवृत्तीनंतर मी एक कॉम्प्युटर घेतला, तो बिघडला, मी तो उघडला, परत बंद केला, आणि तो चालू झाला. दोन स्क्रू उरले होते, ते मी कोणाला दाखवले नाहीत. तेव्हापासून कॉलनीतल्या एकूण एक कॉम्प्युटरचा मी फॅमिली डॉक्टर झालो. माझ्याकडे एक पेचकस, एक मऊ ब्रश आणि आत्मविश्वास एवढीच सामग्री होती, आणि पहिल्या दोन वस्तू क्वचितच लागत.

गुंजाळांचा कॉम्प्युटर त्यांच्या महेंद्रनं घेऊन दिला होता. महेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा, मेलबर्नला नोकरीला. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं सगळं बसवून दिलं, कॅमेरा लावला, इंटरनेट जोडलं आणि ठरवून गेला की दर रविवारी आपल्याकडे दहा वाजले, तिकडे दुपारचे साडेतीन वाजले, की बोलायचं. वहिनींनी मॉनिटरला झालर असलेलं झबलं शिवलं. महेंद्रच्या मुलांची मापं त्यांच्याकडे नव्हती.

गुंजाळ आठवडाभर त्या बोलण्याची तयारी करत. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मुद्दे लिहीत. एक, पाण्याची मोटर. दोन, सातपुत्यांच्या मुलीचं लग्न. तीन, माझा गुडघा. चार, वरची खोली. आणि दर रविवारी वीस-बावीस मिनिटं झाली की कॉम्प्युटर पट्कन मरे. मागचे मुद्दे पुढच्या रविवारावर ढकलले जात.

"पोरगं तिकडं आ वासून ऐकत असतं हो," ते मला सांगत. "दोन तास बसेल ते. पण हा डबा मधेच राम म्हणतो. परत लावेपर्यंत अर्धा तास जातो, आणि तोवर त्यांना कुठंतरी जायचं असतं. आणि हिची पाळी तर येतच नाही! मी म्हणतो, 'घे, आता आईशी बोल,' आणि ही खुर्चीला टेकायच्या आत अंधार. दीड वर्षात पोराशी चार वाक्यं बोलली नसेल. पायगुण, दुसरं काय!"

"माझे पाय धुऊन तीर्थ घ्या," आतून आवाज आला. "मग चालेल कॉम्प्युटर."

मी उपचार सुरू केले. आधी व्हायरसवर औषध दिलं. मग फॉरमॅट मारला. ज्याला काही कळत नाही तो फॉरमॅट मारतो, हे मला तेव्हाही माहीत होतं, पण पेशंटच्या नातेवाइकांचं त्यानं समाधान होतं. नंतर आतली मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. प्रत्येक वेळी मशीन माझ्यासमोर तास-तास बिनतक्रार चाले आणि प्रत्येक रविवारी वहीत नवी नोंद पडे.

दसऱ्यानंतर तर मला मुद्देमालासकट गुन्हेगार सापडला. गुंजाळांनी खंडेनवमीला कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली होती. डब्याला हळदीकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती. आतल्या पंख्यात दोन वाळलेल्या पाकळ्या अडकलेल्या निघाल्या, आणि पात्यांवर कुंकवाचा थर.

"सापडलं!" मी ओरडलो. "डोकं तापतंय त्याचं. वारा लागत नाही. वहिनी, देवाला हवा लागली पाहिजे."

वहिनींनी पाकळ्या माझ्या हातातून घेऊन तुळशीत टाकल्या. "आता नाही ना बंद पडणार?" त्यांनी विचारलं.

"पडला तर नावाचा कुलथे नाही."

पुढच्या रविवारी दहा एकवीसला मी नावाचा कोण उरलो, हे गुंजाळांनी भिंतीवरून सबंध कॉलनीला विचारलं.

डिसेंबरात एका दुपारी मी ती हिरवी वही मागून घेतली. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण पेशंटला प्रश्न विचारले तर डॉक्टरला कळत नाही असं वाटतं, म्हणून मी दीड वर्षं विचारले नव्हते. गुंजाळांनी डेपोतल्यासारखे रकाने आखले होते. तारीख, सुटण्याची वेळ, बंद पडण्याची वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात माझीच निदानं ओळीनं होती. व्हायरस. पट्टी. झेंडू.

"गुंजाळ, तुम्ही रोज यावर पत्ते खेळता ना?"

"दोन ते सहा. रोज."

"त्या वेळी कधी बंद पडला?"

"एकदाही नाही."

"म्हणजे फक्त रविवारी? फक्त महेंद्रशी बोलताना?"

"तेच तर म्हणतोय मी! नेमका घाटात!"

"बंद पडताना दिसतं काय? निळा पडदा येतो? काही इंग्रजी अक्षरं?"

"काही नाही. सगळे दिवे जातात. पडदा, डबा, ते इंटरनेटचं लुकलुकणारं, सगळं एकदम."

"आणि वरचा पंखा?"

"पोरगं गेलेलं असतं हो समोरून. पंख्याकडे कोण बघतंय?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीज! रविवारी सकाळी अख्ख्या कॉलनीचे गीझर, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं एकदम चालतात. व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि मशीन मरतं. उपाय सोपा होता. माझ्याकडच्या कॉम्प्युटरला यूपीएस होतं, म्हणजे वीज गेली तरी थोडा वेळ दम धरणारी बॅटरी. शनिवारी संध्याकाळी मी ते काखेत मारून गुंजाळांकडे गेलो.

टेबलाखाली जमिनीवर एक विजेचा बोर्ड होता, लाल बटणाचा. सगळ्या वायरी त्यात. मी बोर्डात यूपीएस लावलं आणि बाकी सगळं, अगदी इंटरनेटच्या डबीसकट, यूपीएसमध्ये. गुंजाळ दळण आणायला गेले होते. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"त्यानं काय होतं, भाऊजी?"

"वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू राहतो. वीस मिनिटं, अर्धा तास."

"समजा, खालचं बटण बंद झालं तर?"

"झालं तरी! तुम्ही मेन स्विच बंद करा, महेंद्र हलणार नाही समोरून."

"राहू द्या ना. तुमच्या घरचं कशाला? वीस मिनिटं काय कमी झाली?"

"वहिनी, संकोच करू नका. उद्या तुमचीही पाळी येऊ दे की."

"माझं काय, मी..." त्या म्हणाल्या, आणि वाक्य तसंच ठेवून आत चहा टाकायला गेल्या. साखर दोनदा पडली होती त्या दिवशी. मी गोड मानून प्यायलो.

रविवारी पावणेदहालाच मी हजर झालो. माझा विजय मला प्रत्यक्ष बघायचा होता. गुंजाळ खुर्चीत, मी बाजूच्या स्टुलावर, वहिनी नेहमीप्रमाणे टेबलाच्या कडेला उभ्या. कॅमेऱ्यात येणार नाहीत, पण पडदा दिसेल अशा.

"महेंद्र! ऐकू येतंय का? हे बघ, कुलथेकाका आलेत! त्यांनी बॅटरी बसवलीय. आज बंद पडायचं नाव नाही, दोन तास बोल!"

"दोन तास?" महेंद्र हसला. "अरे वा."

मोटरचा मुद्दा झाला. लग्नाचा झाला. महेंद्र "हं" म्हणत होता, "अच्छा" म्हणत होता, योग्य जागी मान हलवत होता. त्याच्या चष्म्याच्या काचांत काहीतरी हिरवं हलत होतं. खिडकीबाहेरची झाडी असेल, असं मला वाटलं. गुडघा झाला. आणि मग प्रथमच चौथा मुद्दा लागला.

"वरच्या खोलीला लागून संडास-बाथरूम काढतोय. म्हणजे तुम्ही आलात की पोरांना जिना उतरायला नको. फरशी कुठल्या रंगाची टाकू? तू सांग."

"कुठलीही टाका, बाबा."

"निळी टाकू? तुला निळा आवडतो."

"हं. हं हं."

"काय, निळी?"

"हो, बरोबर आहे," महेंद्र म्हणाला. त्यानं काय बरोबर आहे ते ऐकलेलं नव्हतं.

दहा वीस झाले. खालून 'टक्' असा आवाज आला आणि यूपीएस दोनदा केकाटलं. पुन्हा टक्, गप्प. पडद्यावर महेंद्र तसाच होता.

"बघा!" गुंजाळ ओरडले. "वीज गेली होती! आणि गाडी चालू! कुलथे, मानलं तुम्हाला!"

मी सवयीनं वर बघितलं. पंखा फिरत होता, एका लयीत. कुठंच वीज गेली नव्हती.

पुन्हा टक् झालं. या वेळी यूपीएस केकाटतच राहिलं. मी टेबलाखाली बघितलं. लाल बटणावर वहिनींचं पाऊल होतं, जोडव्यांच्या बोटानं दाबून धरलेलं. मी वर बघितलं तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या. चोरी पकडली गेलेल्या माणसाची ती नजर नव्हती. तुम्ही हे काय करून ठेवलंत, असं विचारणारी होती.

"ये, ये, बस!" गुंजाळांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "दीड वर्षानं पाळी आली तुझी. बोल!"

वहिनींनी पदर सारखा केला.

"जेवलास का रे?"

"हो, आई."

"काय होतं जेवायला?"

"असंच, काहीतरी." तो एका बाजूला बघू लागला. तिकडून बाईचा आवाज आला, मराठीतच, "अजून चालूये? पोरं बूट घालून बसलीत कधीची."

महेंद्रनं तोंड वळवलं. तोंड वळवलं म्हणजे आवाजही वळतो, असं त्याला वाटलं असावं.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "पडेलच आता बंद."

खोलीत फक्त यूपीएस ओरडत होतं.

"खोकला गेला का रे तुझा?" वहिनींनी विचारलं. मधलं काही घडलंच नव्हतं, अशा आवाजात.

गुंजाळ खुर्चीच्या मागे उभे होते. ते वाकले. मला वाटलं, काही बोलणार. त्यांनी हात लांब करून डब्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. ते बटण नुसतं दाबून मशीन मरत नाही, चार-पाच सेकंद धरावं लागतं. हे मीच त्यांना शिकवलं होतं.

"हॅलो! महेंद्र! हॅलो!" एकतीस वर्षांचा तो आवाज लागला. "ऐकू येत नाही रे! चित्र थांबलं! हॅलो!"

चित्र थांबलं नव्हतं. महेंद्र दचकून पुढे झाला होता. "बाबा? मला येतंय ऐकू. बाबा, दिसताय तुम्ही मला. बाबा, तुमचा हात..."

पडदा काळा झाला.

"पडला," गुंजाळ म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? हिची पाळी आली की पडतोच."

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "माझाच पायगुण." आणि त्या उठून आत गेल्या.

मी खाली वाकून यूपीएस बंद केलं. गुंजाळांनी वही उघडली, चष्मा लावला, घड्याळात बघून वेळ लिहिली. मग पेन रकान्यावर धरून थांबले.

"कारण काय लिहू, कुलथे?"

"व्होल्टेज," मी म्हणालो.

त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. "हे तुमचं यंत्र घेऊन जा," वर न बघता म्हणाले. "आमच्या घराला मानवत नाही."

मी यूपीएस काखेत घेऊन निघालो. फाटकापाशी वहिनी मागून आल्या, हातात कढीपत्त्याची डहाळी. कोणी पाहिलं तर कारण हवं म्हणून.

"दिसलं ना तुम्हाला?"

"काय?" मी म्हणालो.

"भाऊजी, तुम्हाला वेड घेऊन पेडगावला जाता येत नाही. तोंडावर दिसतं." त्या डहाळीची पानं उगाच ओरबाडत होत्या. "गेल्या वर्षी मे महिन्यात एकदा पाऊण तास चालला होता फोन. हे त्याला सांगत होते, पुरात गाड्या कशा अडकल्या, कोणकोणत्या गाड्या, सगळं. आणि त्याच्या चष्म्यात क्रिकेट चाललं होतं. यांना नाही दिसत तेवढं. मला दिसलं. मग यांनी विचारलं, 'पुढं काय झालं असेल सांग', तर तो म्हणाला, 'हं, बरोबर आहे.' त्या दिवशी हे जेवताना म्हणाले, पोरगं दमलेलं दिसत होतं. मी म्हटलं, एक दिवस यांना कळणार. त्यापेक्षा मशीनला शिव्या देऊ देत."

"म्हणून वीस मिनिटं?"

"तेवढं तो ऐकतो. पोर वाईट नाही हो माझं. तेवढं नीट ऐकतो."

"पण वहिनी, तुमचं बोलणं? दर वेळी तुमच्याच पाळीला..."

"मी बघत होते की," त्या म्हणाल्या. "बोलायला लागलं की बघणं होत नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "यांना ऐकू गेलं का हो? तो शेवटी म्हणाला ते?"

"छे," मी म्हणालो. "यूपीएस किती केकाटत होतं. आणि गुंजाळांचे कान आता पूर्वीसारखे कुठं राहिलेत?"

त्यांनी डहाळी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या.

संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. गुंजाळ भिंतीपाशी आले. हाक न मारता आलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. बराच वेळ त्यांनी माझ्या जास्वंदीची चौकशी केली.

"कुलथे," मग ते म्हणाले. त्या माणसाला इतकं हळू बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. "हिला ऐकू गेलं नसेल ना?"

"काय?"

"नाही, काही नाही. हिला, म्हणजे तिकडचं..."

"वहिनी खोकल्याचं विचारत होत्या," मी म्हणालो. "त्यांचं लक्ष नव्हतं."

"हां. मलाही तेच वाटलं." त्यांनी भिंतीवरची वाळलेली पानं हातानं लोटली. "दीड वर्षं पाळी आली नाही हो तिची. मीच बोलत बसलो. मोटर अन् गुडघा."

पुढच्या रविवारी दहाला मी आरशापुढे उभा होतो. गुंजाळांच्या खिडकीतून पुकारा ऐकू आला नाही. आला तो वहिनींचा आवाज. त्या बोलत होत्या. खोकल्याला काय घ्यायचं ते, तिकडं ओवा मिळतो का ते, धाकटीला केस किती आले ते, मग मला न कळणारं काही, मग हसणं. इतक्या वर्षांत त्यांचा हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच भिंतीपलीकडून ऐकला. गुंजाळ एक शब्द बोलत नव्हते. ते कुठं उभे होते, मला दिसत नव्हतं. टेबलाच्या कडेलाच असावेत.

दहा वीस झाले. आवाज थांबला.

"कुलथे! ओ कुलथे!" भिंतीवरून हाक आली. "पडला बघा बंद!"

मी साबण पुसला, पेचकस घेतला आणि गेलो. वहिनींनी न मागता चहा आणला. मी डब्याचं झाकण काढलं, गुंजाळांनी टॉर्च धरला, आणि आम्ही दोघं तासभर डोकं खाली घालून आत बघत बसलो. आत सगळं ठीक होतं.